आप्पांचा स्वभाव

“नाव?” मी विचारलं.

“तुला माहीत नाही?”

“फॉर्म भरताना विचारावंच लागतं, आप्पा.”

“भूपाल बाबगोंडा चौगुले.” आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. साहेबानं चौकशीला बोलावल्यासारखे ते खुर्चीच्या कडेवर बसले होते.

“वय?”

“एकोणसाठ.”

“काम?”

“निवृत्त. वाहतूक नियंत्रक, सांगली स्टँड.”

“मधुमेह किती वर्षांपासून?”

“अठरा. त्यातली सात इंजेक्शनावर.”

मी लिहून घेतलं आणि कोपऱ्यात फॉर्मचा नंबर टाकला, दोनशे बारा.

२००५ सालचा फेब्रुवारी महिना होता. मी चोवीस वर्षांची होते. मानसशास्त्रात एम.ए. होऊन सहा महिने झाले होते आणि विश्रामबागेत डॉ. वाटव्यांच्या मधुमेहाच्या दवाखान्यात पाहणीचं काम करत होते. डॉक्टरांना एक प्रश्न पडला होता. साखरेच्या काही रुग्णांना उदासीचा आजार जडतो, काहींना जडत नाही, असं का? माणसाचा मूळचा पिंड कसा आहे यावर ते बरंचसं ठरत असावं, असा त्यांचा अंदाज होता. म्हणून तीनशे रुग्णांकडून दोन फॉर्म भरून घ्यायचे होते. पहिला स्वभावाचा, म्हणजे तरुणपणापासून तुम्ही कसे आहात. दुसरा उदासीचा, म्हणजे गेल्या पंधरा दिवसांत तुम्ही कसे आहात. मला आणि शमा नदाफला कामावर घेताना डॉक्टरांनी बजावलं होतं, “या दोन्हींची गल्लत करायची नाही. एक माणूस आहे, दुसरा आजार आहे. आणि उत्तर रुग्णाचं लिहायचं, तुमचं नाही.”

आणखी एक नियम होता. आपल्या घरचा माणूस असेल तर फॉर्म दुसरीनं भरायचा. पण शमा त्या दिवशी मावसबहिणीच्या साखरपुड्याला कोल्हापूरला गेली होती. आप्पांचं उपाशीपोटीचं रक्त देऊन झालं होतं आणि जेवणानंतरचं द्यायला दोन तास होते. मी त्यांना म्हटलं होतं, “सोमवारी शमा असेल, तेव्हा भरू.”

“मी आज आलोय,” ते म्हणाले होते. “तू सगळ्यांना विचारतेस ना, मग मलापण विचार.”

मला त्याचं नवल वाटलं. आप्पा आपण होऊन काही मागत नसत. काही दिलं तर त्यात खोट काढत. चहा कोमट आहे, पंखा आवाज करतो, बाहेरची पोरं ओरडतात. पाहुणे आले की ते वर्तमानपत्र घेऊन मागच्या खोलीत जाऊन बसत आणि पाहुणे उठेपर्यंत बाहेर येत नसत. त्यामुळे पाहुणेच यायचे थांबले. माझ्या मैत्रिणी फाटकातूनच हाक मारत. रेडिओ हळू, बोलणं हळू, हसणं तर स्वयंपाकघरात दार लोटून. कुणी काही विचारलंच तर आई म्हणायची, “त्यांचा स्वभावच तसा आहे.” शाळेत असल्यापासून मीही तेच म्हणत आले होते. घराला जशी एखादी कमी उंचीची चौकट असते आणि घरातला प्रत्येक जण तिथे न बघता वाकतो, तसे आम्ही आप्पांच्या स्वभावापाशी वाकत होतो.

“आता मी वाक्य वाचेन,” मी म्हणाले. “ते तुम्हाला लागू पडत असेल तर हो म्हणायचं, नसेल तर नाही. आजचं नाही, एकूण आयुष्यभराचं.”

“वाच.”

“मी मूळचा आनंदी माणूस आहे.”

“हो.”

मी मान वर केली. आप्पा माझ्या मागच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत होते.

“हो?”

“हो लिही.”

“माझ्या संगतीत लोक खुलतात.”

“खुलायचे.”

“चारचौघांत थट्टामस्करी करायला मला आवडतं.”

“फार,” आप्पा म्हणाले. “त्यावर दोनदा लेखी समज मिळालीय मला.”

मी पेन खाली ठेवलं. तीन महिन्यांत मी शेकडो उत्तरं ऐकली होती. आपण कसे आहोत ते न सांगता आपण कसे असायला हवे होतो ते सांगणारी माणसं मला ओळखू यायला लागली होती, असा माझा समज होता. आप्पा त्यातलेच एक निघाले याची मला थोडी लाजही वाटली.

“आप्पा, यात खरं सांगायचं असतं. बरं दिसेल ते नाही.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता चिडतील. पण ते चिडले नाहीत.

“तुला खरं काय ते माहीत आहे?” त्यांनी विचारलं.

“मी तुमच्याच घरात राहते.”

“हं.” त्यांनी टोपी उचलली, आतली पट्टी चाचपली, पुन्हा ठेवली. “मग तुला बरोबर वाटेल ते लिही.”

मी लिहिलं. स्वभावाच्या फॉर्मात पन्नास वाक्यं होती. पुढची मी भराभर वाचत गेले, ते हो-नाही करत गेले, आणि जिथे त्यांचं उत्तर मला पटलं नाही तिथे मी माझं लिहिलं. आनंदी माणूस, नाही. लोक खुलतात, नाही. बारीकसारीक गोष्टींची कुरकुर, हो. जन्मभर उदास वृत्ती, हो. वाक्य संपवता संपवता मी खूण करत होते. त्यांना कागद उलटा दिसत होता, पण वाचता येत असणार. आयुष्यभर ते गाड्यांच्या पाट्या लांबून वाचत आले होते.

दुसरा फॉर्म नऊ प्रश्नांचा होता. त्यात आप्पांनी आढेवेढे घेतले नाहीत.

“कशात रस वाटत नाही, असं किती दिवस?”

“रोज.”

“झोप?”

“तीनला उघडते. मग नाही.”

“आपण घरच्यांना भार झालोय असं वाटतं?”

“तुम्ही सगळे हळू बोलता ना,” ते म्हणाले. “तेव्हा वाटतं.”

हे मी फॉर्ममध्ये कुठे लिहायचं ते मला कळलं नाही. मी ‘कधीकधी’वर खूण केली.

नववा प्रश्न वाचताना प्रत्येक रुग्णासमोर माझा आवाज आपोआप खाली यायचा. तो तसाच आला. “आपण नसतो तर बरं झालं असतं, असं मनात येतं?”

“येतं.”

“किती दिवस?”

आप्पांनी थोडा विचार केला. खरंच आठवून सांगणाऱ्या माणसाचा चेहरा होता तो. “सकाळी सुई भरताना येतं. आता न टोचली तर काय होईल, असं. मग तुझी आई बाटली परत न्यायला उभी असते, म्हणून टोचतो.”

दवाखान्याचा नियम साधा होता. नवव्या प्रश्नाला शून्याशिवाय, म्हणजे ‘कधीच नाही’शिवाय, काहीही असेल तर फॉर्मला तांबडी चिठ्ठी लावायची आणि त्याच दिवशी, रुग्ण घरी जायच्या आत, डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायचा. डॉक्टर शेजारच्याच खोलीत होते. मधलं दार उघडं होतं. मला त्यांचा खोकला ऐकू येत होता.

मी काय विचार केला ते मला नीट आठवतं. डॉक्टर आप्पांना आत बोलावतील. मग मला बोलावतील. चष्मा कपाळावर सरकवून विचारतील, एम.ए. झालेली मुलगी, घरात असा माणूस आणि तुमच्या लक्षात आलं नाही? आणि आप्पा तिथेही पंखा आवाज करतो म्हणून कुरकुर करतील. आणि हे सगळं आप्पांच्या नेहमीच्या रडगाण्यापायी.

“म्हणजे इंजेक्शनाचा कंटाळा येतो तुम्हाला,” मी म्हणाले.

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी टोपी डोक्यावर चढवली.

“तसं लिही,” ते म्हणाले.

मी शून्यावर खूण केली.

त्या संध्याकाळी दिवस मावळायच्या आत आम्ही जेवायला बसलो. आमच्या जैन घरात तशी रीतच होती. आई भाकरी वाढत होती. आप्पा तिला म्हणाले, “पोरीनं आज माझी मुलाखत घेतली.”

आई हसली आणि लगेच थांबली. “काय विचारलं?”

“सगळं विचारलं.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “त्या कागदांचं पुढं काय करता?”

“कॉम्प्युटरवर चढवतो. नाव नसतं, नुसता नंबर.”

“आणि त्यातून काय कळतं?”

“कुणाला मदतीची गरज आहे, ते.”

“मग कोण येतं?”

“कोण येतं म्हणजे?”

“मदत करायला.”

“डॉक्टर फोन करून बोलावून घेतात,” मी म्हणाले. “ज्याला गरज असेल त्याला.”

“हं,” म्हणून आप्पांनी आमटीची वाटी पुढे ओढली. आमटीला मीठ कमी आहे असं ते म्हणाले नाहीत, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

पुढच्या आठवड्यात घरी एक गोष्ट वेगळी घडत होती. आमचा फोन बाहेरच्या खोलीत होता आणि आप्पा तो कधीच उचलत नसत. वाजत राहिला तर उलट आतून ओरडत, “घ्या की कुणीतरी.” त्या आठवड्यात मात्र फोन वाजला की मागच्या खोलीतून तेच उठून येत. “हॅलो” म्हणत, थोडं ऐकत, आणि मुकाट्यानं आईच्या नाहीतर माझ्या हातात देऊन परत जात. आई मला म्हणालीही, “यांना काय झालंय? सारखे फोनपाशी घुटमळतात.” मी म्हणाले, “रिकामपण. निवृत्त माणसांचं होतं तसं.” दहाएक दिवसांनी ते थांबलं. फोन पुन्हा वाजत राहू लागला.

दवाखान्यात शमा फॉर्म कॉम्प्युटरवर चढवत होती. दोनशे बारावर ती थांबली.

“हे तुझे वडील ना, पद्मजा? तू भरलास?”

“तू नव्हतीस.”

“नववा शून्य?”

“शून्य.”

“बरं झालं,” ती म्हणाली आणि पुढचा कागद घेतला.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी, आप्पा अंघोळीला उठले ते दारातच बसले. तोंड कोरडं पडलं होतं, बोलणं जड झालं होतं. दवाखान्यातून आणलेलं साखर मोजायचं यंत्र मी त्यांच्या बोटाला लावलं. यंत्रानं आकडा दाखवला नाही. साखर यंत्राच्या आवाक्याबाहेर गेली की ते आकड्याऐवजी दोन अक्षरं दाखवतं, ती दाखवली.

मिरजेला रुग्णालयात नेलं. तिथला तरुण डॉक्टर तपासता तपासता म्हणाला, “यांचं इन्सुलिन कधीपासून बंद आहे?”

“बंद नाही,” आई म्हणाली. “सकाळ-संध्याकाळ घेतात. मी स्वतः फ्रिजमधून बाटली काढून देते.”

“टोचताना बघता तुम्ही?”

“आधी स्वयंपाकघरातच टोचायचे. आता सुई भरतात आणि मोरीत जातात.”

“आता म्हणजे?”

आईनं आठवून बघितलं. “शिमग्यापासून असेल. म्हणाले, तुझ्यासमोर सदरा वर करायला बरं वाटत नाही. मी म्हटलं, असेल.”

डॉक्टरनं आप्पांच्या पोटावरून, मग मांड्यांवरून बोटं फिरवली. फार काळजीपूर्वक फिरवली. सात वर्षं रोज दोनदा सुई टोचलेल्या जागी जुने घट्टे होते, पण नवी खूण एकही नव्हती. त्यानं आप्पांचा सदरा खाली ओढला. माझ्याकडे बघून म्हणाला, “यांना घरात काही त्रास होता का? मनाला लावून घेतील असा?”

“नाही,” मी म्हणाले. “त्यांचा स्वभावच जरा तसा आहे.”

तिसऱ्या दिवशी पहाटे आप्पा गेले. शेवटपर्यंत त्यांना शुद्ध आली नाही.

लोक येऊन गेले. फार कुणी नव्हतेच. पाचव्या दिवशी एक उंच, काळासावळा म्हातारा फाटकात उभा राहिला. खाकी विजार त्यानं अजून सोडली नव्हती. मी ओळखलं नाही.

“मी मारुती ऐवळे,” तो म्हणाला. “जत गाडीचा ड्रायव्हर होतो. भूपालअण्णांच्या बरोबरचा.”

मी त्याला खुर्ची दिली. आई आत होती. त्यानं पाणी घेतलं, आप्पांच्या फोटोकडे बघितलं. फोटो सेवानिवृत्तीच्या कार्यक्रमातला होता.

“दुसरा नव्हता का?” त्यानं विचारलं.

“दुसरा म्हणजे?”

“हसतानाचा.”

“आप्पा हसत नसत फारसे,” मी म्हणाले.

ऐवळे माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी चुकीच्या घरात राहते.

“बाई, तुमचं वय काय?”

“चोवीस.”

“मग तुम्ही बघितलंच नाही.” त्यानं पेला खाली ठेवला. “अहो, अण्णा म्हणजे स्टँडचा जीव होता. गाडी दोन तास उशिरा येऊ दे, लोक शिव्या द्यायच्या तयारीत असायचे, आणि हा माइकवर काहीतरी असं बोलायचा की सगळा स्टँड हसायचा. माझं लग्न झालं तेव्हाची गोष्ट सांगतो. माझी बायको जतची. लग्नानंतर पहिल्यांदा ड्यूटीवर आलो आणि यानं माइकवर सांगितलं, जत गाडीच्या प्रवाशांनी लक्ष द्यावं. आजचे ड्रायव्हर ऐवळे यांचं सासर जतला आहे आणि त्यांची मंडळी सध्या माहेरी आहे. गाडी आज वेळेच्या आधी पोचेल. मुलांना मांडीवर घट्ट धरून बसावं.”

तो सांगता सांगता हसला. मला हसू आलं नाही.

“साहेबांनी लेखी समज दिली त्याबद्दल. यानं ती समज माइकवर वाचून दाखवली. मग दुसरी मिळाली.”

दोनदा लेखी समज. मी खाली सतरंजीवर बसले.

“मग?” मी विचारलं.

“मग काय. सत्त्याऐंशी साली त्याला साखर निघाली. पहिल्यांदा आम्हाला वाटलं, गोडधोड बंद झालं म्हणून रुसलाय. कँटीनमध्ये चिडवायचो आम्ही. पण तो चिडवायचापण बंद झाला, चिडायचापण बंद झाला. माइकवर नुसता गाडीचा नंबर आणि फलाट. आवाज तोच, पण त्यात माणूस नाही. मी एकदा विचारलं, अण्णा, काय दुखतंय? तर म्हणाला, मारुती, दुखत असतं तर बरं होतं. आम्ही ड्रायव्हर माणसं, आम्हाला काय कळतंय. म्हटलं वय झालं, जबाबदारी आली, पालटला स्वभाव.”

सत्त्याऐंशी साली मी सहा वर्षांची होते. मला आठवतं ते सगळं त्याच्या पुढचं. जो माणूस मी माझ्या डोळ्यांनी बघत वाढले, तो आप्पांचा पिंड नव्हताच. तो त्यांचा आजार होता आणि मी त्यालाच माझे वडील समजत आले होते. आप्पांना ते ठाऊक होतं. म्हणून तर ते खुलतात न म्हणता खुलायचे म्हणाले होते. ज्या मुलीनं आपल्याला कधी बरं असताना पाहिलंच नाही तिच्यापुढे बसून त्यांनी खरं सांगितलं होतं आणि तिनं ते खोडून काढलं होतं. आणि मग आठवडाभर ते फोनपाशी येऊन उभे राहत होते, कारण डॉक्टर बोलावून घेतात असं तिनंच जेवताना सांगितलं होतं.

ऐवळे उठला. जाताना म्हणाला, “येत जायला हवं होतं मी. पण आलो की तो आत जाऊन बसायचा. मग माणूस किती येणार?”

तेरा-चौदा दिवसांनी, दुपारी, आई मागच्या पायरीवर शेंगा फोडत बसली होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

“ऐवळे भावजी आले होते तेव्हा मी दाराआड होते,” आई म्हणाली. “ऐकलं सगळं.”

“तू कधी सांगितलं नाहीस मला. आप्पा असे होते म्हणून.”

“काय सांगणार?” ती शेंगांकडेच बघत होती. “तुला सांगायचं म्हणजे मग का पालटले तेही सांगावं लागलं असतं.”

“का पालटले?”

आईनं हातातली शेंग फोडून दाणे सुपात टाकले. मग म्हणाली, “त्या वर्षी मी हट्ट धरला होता. तुझी आजी आपल्याकडं असायची. मला जमेना तिच्याशी. मी म्हटलं, त्यांना गावी थोरल्या भावजींकडं पोचवा, नाहीतर मी माहेरी जाते. ह्यांनी पोचवलं. स्वतः गाडीत बसवून आले. काही बोलले नाहीत मला. आणि त्याच पावसाळ्यात असे झाले. हसणं नाही, बोलणं नाही. साखर त्याच सुमाराला निघाली, पण साखरेनं माणूस हसायचा थांबतो होय? मला कळायचं ते कळलं. मनातून उतरले होते मी त्यांच्या.”

“आई.”

“अठरा वर्षं,” ती म्हणाली. “आईला परत आणा म्हणून मी त्यांच्या पाया पडले होते. पण सासूबाई आल्या नाहीत, त्या गेल्याच पुढच्या वर्षी. मग मी म्हटलं, आता हे भोगायचं. माहेरी जाणं सोडलं. वर आवाज केला नाही कधी. चहा कोमट म्हटलं की दुसरा केला. म्हटलं, कधीतरी माफ करतील.”

मी तिच्या हातातलं सूप काढून बाजूला ठेवलं.

“आई, ऐक माझं. तो आजार होता. उदासीचा. साखर झालेल्या माणसांना होतो पुष्कळदा. हसऱ्या माणसालाही होतो. तुझा आणि आजीचा त्यात काही संबंध नव्हता.”

“आजार?”

“हो. त्याला औषध असतं. गोळ्या असतात. बोलून, उपचार करून माणूस बरा होतो.”

“मग हे मनातून चिडले नव्हते माझ्यावर?”

“नाही.”

“तू पुस्तकात शिकलीयस हे? का माझं मन राखायला सांगतेस?”

“शिकलीय. आमच्या दवाखान्यात तेच काम चालतं.”

आई रडायला लागली. आप्पा गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती. पदर तोंडात धरून, सगळं अंग हलत होतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. हळूहळू ती शांत झाली. डोळे पुसून तिनं माझा हात हातात घेतला. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. ती एकदम हलकी झाल्यासारखी दिसत होती.

“बरं झालं तुला शिकवलं,” ती म्हणाली. “नाहीतर मला कुणी सांगितलं असतं हे? तशीच मेले असते मी.”

परड्यातल्या शेवग्यावर कावळा येऊन बसला, उडाला. सांगायचं तर तेव्हाच सांगायचं होतं. कागद दवाखान्यातल्या कपाटात होता. पाहणीवरचा डॉक्टरांचा निबंध छापून यायला अजून वर्ष होतं. त्यात मग एक तक्ता आला, मूळचीच उदास वृत्ती असलेल्या रुग्णांचा, आणि त्या एकोणचाळीस जणांत दोनशे बारा नंबर मोजला गेला. आभाराच्या यादीत माझं नाव आलं.

आईनं सूप परत पुढे ओढलं. दोनचार शेंगा फोडल्या. मग थांबून तिनं विचारलं, “पद्मा, त्यांना कुणी नीट बसवून विचारलं असतं, तर सांगितलं असतं का गं त्यांनी?”

तिच्या डोळ्यांत नुसता प्रश्न होता. संशय नव्हता.

“नाही,” मी म्हणाले. “नसतं सांगितलं.”

आईनं मान हलवली. तिला ते पटलं. गेल्या वर्षी ती गेली, तोवर तिला तेच खरं वाटत होतं.